सरळ जायचं तर डावीकडे

"आता ही ओढणार नाही," मिस्त्री फोनवर म्हणाला. तसा त्याच्या आधी आणि नंतरही तो पुष्कळ बोलला, मिस्त्रीचं तोंड म्हणजे न बंद होणारा नळ, पण कानात राहिलं ते एवढंच. आणि डोळे तपासायच्या त्या अंधाऱ्या खोलीत, खुर्चीवरच्या बाईंच्या नाकावर काचांची जड चौकट तशीच ठेवून, फोन कानाला लावून तो हातात एक सुटी काच धरून उभा राहिला. समोरच्या भिंतीवर अक्षरं उजळलेली. बाईंनी जरा वाट पाहिली, मग आपणहून खालची ओळ वाचायला घेतली, चुकीची वाचली, दुरुस्त केली, पुन्हा चुकीची वाचली. "हे बरं, की हे?" त्यानं सवयीनं विचारलं. हातातली काच त्यानं चौकटीत घातलीच नव्हती. "हे बरं," बाई म्हणाल्या. काय बरं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. फोनमध्ये मिस्त्री अजून बोलत होता. "खूश व्हा की डॉक्टर! एवढा खर्च, एवढा खटाटोप, तो कशासाठी?" मी डॉक्टर नाही, चश्मे करतो, हे त्यानं मिस्त्रीला आजवर अनेकदा सांगितलं होतं, आणि मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं होतं, की डोळ्यांचा का असेना, डॉक्टर तो डॉक्टर. आज त्यानं सांगितलं नाही. ओढणार नाही. मग काय करणार?

बोट जुनी होती. लांब, अरुंद, पुढून चोचीसारखी, आणि धक्क्याला बांधलेली असतानाही निघाल्यासारखी दिसणारी. एके काळी शर्यतीत पळणाऱ्या बोटींच्या साच्यातून निघालेली. मागच्या अंगाला शेजारी शेजारी दोन इंजिनं, आणि प्रत्येक इंजिनाचा पाठीची फळी भेदून पाण्यात उतरलेला एकेक पाय, त्याला ड्राइव्ह म्हणत, आणि त्या पायाच्या तळाशी पंखा. दादानं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावानं, ती घेतली तेव्हाच दोन्ही पंखे एकाच बाजूला फिरणारे होते, उजवीकडे. का, तर मिळाले तसे. दोघांचा जोर एकाच अंगाला, म्हणून वेग वाढला की बोट उजवीकडे ओढायची, हट्टी पोरानं आईचं बोट धरून खेळण्यांच्या दुकानाकडे ओढावं तशी. चाक डावीकडे दाबून धरलं तर ती सरळ जायची. किती दाबायचं ते सांगता येत नसे, ते हातालाच कळायचं. इतकी वर्षं धरून दादाचा डावा खांदा कायमचा वर गेला होता. शिंपी माप घेताना म्हणायचा, "साहेब, जरा सरळ उभे राहा," आणि दादा म्हणायचा, "हेच सरळ आहे. तू शीव." घरात त्याची म्हणच झाली होती. धाकटा परीक्षेला निघाला की दादा दारातून ओरडायचा, "सरळ जायचं असेल तर डावीकडे धर, बारक्या!" धाकट्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही तेच म्हणाला, पाठीवर थाप मारून, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी त्या वाक्याचा अर्थ लागल्यासारखाही वाटला होता. कुठल्याही दिवशी लागायचा. चांगल्या म्हणीचं तसंच असतं, ती रिकाम्या भांड्यासारखी असते.

बाई गेल्या. दुसरं कुणीतरी आलं. त्यानं दिवा लावला, मालवला. माणसं अंधारात बसतात आणि दोन काचांमधली एक निवडतात, आणि निवडताना किती घाबरतात याचं त्याला इतक्या वर्षांनीही नवल वाटायचं. जणू चुकीची काच निवडली तर जन्मभर तेच जग बघावं लागेल. तो त्यांना सांगत नसे, की बरीचशी माणसं तशीही वाकडंच बघत असतात. दोन डोळ्यांतला एक बाहेर सटकू पाहतो, त्याचे स्नायू त्याला दिवसभर आत ओढून धरतात, आणि माणसाला पत्ताही नसतो. संध्याकाळी डोकं दुखतं एवढंच. मग तो एक डोळा झाकायचा आणि झाकलेला डोळा हळूच आपल्या वाटेनं निघून जाताना बघायचा. धरून ठेवणारं कुणी नसलं की तो कुठे जातो ते तेवढ्यात दिसायचं.

इंजिनांचं सगळं इस्पितळात सुरू झालं. दादाला झटका आला, डावं अंग गेलं. गेलं म्हणजे अगदी लुळं पडलं नाही, हात उचलायचा, बोटं हलायची, पण पाहुणा परक्या घरात वावरतो तशी. पुष्कळ दिवस नुसते शब्द सांडत होते, आणि मग एका दुपारी छताकडे बघत दादा पहिलं अख्खं वाक्य बोलला: "इंजिनं बदलू. मोठी घालू." उशाशी वहिनी बसली होती. जुनी इंजिनं खाऱ्या पाण्यानं आतून खाल्ली होती हे खरं होतं, झटक्याच्या आधीच त्यातल्या एकानं मान टाकली होती. वहिनी त्या बोटीला पहिल्या दिवसापासून सवत म्हणत आली. "माझा संसार अर्धा, तिचा अर्धा," ती पाहुण्यांना सांगायची, "आणि तिच्या वाट्याला आलेला अर्धा हसरा." त्या दुपारी मात्र ती धाकट्याकडे बघून म्हणाली, "भावजी, हो म्हणा ना त्यांना." आजाऱ्याला हो म्हणायचं असतं. तो हो म्हणाला. पण हो म्हटलं की त्या होला शेपूट फुटतं. कुणीतरी मिस्त्री सुचवतो, मिस्त्री बोट बघायला येतो, बघायला आलेला मिस्त्री फळीवर टकटक करतो, आणि मग एके सकाळी आपण यार्डात उभे असतो आणि आपल्या भावाच्या बोटीची पाठ कापलेली असते.

तसा तो उभा राहिला होता. रविवार असायचा. यार्ड म्हणजे पाण्याला लागून पसरलेलं एक पत्र्याचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली जमीन, हवेत राळेचा डोळ्यांत जाणारा वास. साखळीला लटकून जुनी इंजिनं वर गेली, गंजाचं पाणी ठिबकत, आणि फळीत दोन भोकं राहिली, त्यातून पलीकडचं पाणी दिसायला लागलं. मिस्त्री छोट्या हातोडीनं फळी ठोकत पुढे सरकत होता. टण, टण, टण, बद. बद आलं की थांबायचा, खडूनं गोल काढायचा. आत लाकूड भिजलेलं होतं. "वरनं बघा कशी चकाचक, आणि आत भिजका पाव," तो म्हणाला. "असल्या पाठीवर एवढा जोर टाकला असता ना डॉक्टर, इंजिनं गेली असती पुढे आणि बोट राहिली असती मागे. जोर वाढवला की पहिली तक्रार पाठ करते. बोटीची काय, माणसाची काय." यार्डातले लोक मिस्त्रीला कप्तान म्हणत, कारण त्याला पोहता येत नव्हतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. "मी बनवलेली बोट बुडत नाही, मग पोहायला कशाला शिकू?" त्यानं भिजलं लाकूड खरवडून काढलं, पाठ नव्यानं जाड केली, इंजिनं बसायच्या आतल्या तुळया दुप्पट केल्या, जुनी भोकं बुजवली आणि नवी कापली, बोटभर वर, कारण नव्या ड्राइव्हचे पंखे म्हणे जरा वरूनच पाणी धरतात. हे सगळं तो पाहत राहिला. आवडत होतं असं नाही, नावडत होतं असंही नाही. चश्मा घातलेला माणूस चश्म्यातून बघतो, चश्म्याकडे बघत नाही, तसं काहीसं. इतक्या रविवारांत एक प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नव्हता, आणि तो फोन आल्यावर, ओढणार नाही म्हटल्यावर, तो प्रश्न आपोआप समोर येऊन उभा राहिला: चालवणार कोण?

पहिली काच. दादानं बोट नुकतीच घेतलेली आहे. धाकट्याला मिसरूड फुटलंय. दादा चाकावरून उठतो आणि म्हणतो, बस. धाकटा बसतो. बोट उजवीकडे ओढते, खांदा निखळेल असं वाटतं, दादा मागे उभा राहून हसतोय, डावीकडे, डावीकडे, अरे तुझ्या बापाचं काय जातंय, धर डावीकडे, आणि मग ते जमतं, ओढ आणि हात एकमेकांना भेटतात आणि मधे काहीच उरत नाही, नुसती सरळ रेघ. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात सोपा क्षण.

दुसरी काच. तोच दिवस. दादा हसतोय, पण त्याच्या अनवाणी पायाची बोटं खालच्या फळीवर आवळलेली आहेत, आणि त्याचा डावा हात धाकट्याच्या खांद्यावरून पुढे, चाकापासून वीतभर अंतरावर, हवेत. धरत नाही. पण हटतही नाही. धाकट्याला तो हात दिसत नाही, कारण तो समोर बघतोय. मग आत्ता तो त्याला दिसतोय कसा? त्याला वाटतं, दिसला असावा. असावाच. किंवा कुणीतरी सांगितलं असेल, किंवा आपणच नंतर तो तिथे ठेवला असेल.

दोन्ही सारखंच दिसतंय असं माणूस म्हणाला की थांबायचं असतं. धंद्यातला नियम आहे. पुढे काचा बदलत राहिलं तर तो नुसता गोंधळतो.

दादाचे डोळे त्यानं स्वतः तपासले होते. पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा कण चमकला की बटण दाबायचं. उजवीकडे कण चमकला की दादा फटकन दाबायचा, जिंकल्यासारखा. डावीकडे चमकायचा, विझायचा, पुन्हा चमकायचा, आणि दादा शांत. डोळे निरोगी होते. डोळ्यांनी ते बघितलंही असणार. पण डावीकडे काही असतं हीच गोष्ट दादाच्या डोक्यातून उठून गेली होती, भाडेकरूनं न सांगता खोली सोडावी तशी. आणि खोली रिकामी आहे हेही घरमालकाला कळू नये. "किती वेळ बसवतोस? काही चमकत नाही. मशीन बिघडलंय तुझं," दादा म्हणाला. "असेल," तो म्हणाला. "सुधारतंय पण." का म्हणाला? जीभ त्या बाजूला ओढली गेली. वहिनीला काही सांगायची गरज पडली नाही, तिला ताटावरून कळलं होतं. दादा ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून खायचा, डावी जशीच्या तशी, आणि पोट भरलं नाही म्हणून कुरकुरायचा. मग वहिनी बोलता बोलता, भलत्याच कुणाच्या तरी नातेवाइकाची गोष्ट सांगत, ताट अर्धं फिरवायची. "अगं, पुन्हा वाढलंस?" दादा म्हणायचा, "आत्ता तर संपवलं की." "खा हो, सवतीकडे उपाशी राहायचात," ती म्हणायची. सकाळी दाढीही तशीच, उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर खुंट, आणि मग टॉवेलानं साबण पुसते असं करून वहिनी वस्तरा फिरवायची. घरात कुणी काही बोलत नव्हतं. सगळं फिरवून घेत होते.

बोट पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानात आली. कधी यायची नाही. चश्म्यांच्या चौकटींसमोर उभी राहून तिनं उगाच एक घालून बघितली, आरशात बघितलं, काढली. "भावजी, मी अडवलं नाही. तुम्ही दोघं भाऊ आणि ती तिसरी, मी कशाला मधे येऊ? पण एक शब्द द्या. चाक त्यांच्या हातात द्यायचं नाही." "नाही देणार." "रागावले, बोलले, रडले तरी?" "वहिनी, दादा रडतो?" "माझ्यासमोर नाही," ती म्हणाली. "म्हणून तर विचारते." मग म्हणाली, "जुनी होती तेव्हा निदान एक बरं होतं. हातात तेवढा जोर लागायचा, त्यामुळे त्यांना जमलंच नसतं, आपोआप मिटलं असतं. आता म्हणे एका बोटानं फिरते." हे तिला मिस्त्रीनं सांगितलं असणार, आणि अभिमानानं. ती गेल्यावर त्यानं ती चौकट पुसून ठेवायला घेतली. तिची जागा डावीकडची होती, आणि तो उजवीकडे ठेवत होता, हे त्याच्या लक्षात आलं, मग हसू आलं, मग नाही.

सकाळी धक्क्यावर मिस्त्री नवा शर्ट घालून आला होता. बोट पाण्यावर जरा वेगळी बसली होती, मागून किंचित वर, नवी चप्पल घालून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. किल्ली फिरवली तर जुन्या इंजिनांचा खोकला नाही, धूर नाही, शिव्या नाहीत. एक जाड, गुळगुळीत गुरगुर, छातीच्या हाडात जाणवणारी. "ऐका," मिस्त्री म्हणाला, "ऐका फक्त," आणि पहिल्यांदाच स्वतः गप्प राहिला. दोर सोडणार एवढ्यात टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. काठी आधी उतरली, मग दादा. एकटाच. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर खुंट तसेच. म्हणजे वहिनी झोपेत असताना निघाला होता. "माझ्याशिवाय?" दादा म्हणाला. "अरे, माझ्या बायकोला न्यायला निघालास आणि मला आमंत्रण नाही?" मिस्त्री खदाखदा हसला. दोघांनी मिळून दादाला आत घेतलं आणि शेजारच्या आसनावर बसवलं, उजव्या बाजूच्या, तोंड चाकाकडे करून, बारक्या त्याला दिसेल असा. बारक्या चाकावर बसला. मनात स्वतःला बारक्या म्हणायला त्यानं कधी सुरुवात केली ते त्याला कळलं नाही. दादा बोटीत आला की तसं व्हायचं.

बंदराच्या तोंडातून ते बाहेर पडले. उजव्या हाताला लाटा अडवायला टाकलेल्या दगडांची लांब रांग, डावीकडे उघडं पाणी. मग मिस्त्रीनं हातानं खूण केली, द्या, आणि त्यानं वेगाचे दोन्ही दांडे पुढे सारले. बोटीनं नाक उचललं नाही, उसळी मारली नाही, नुसती निघाली, आणि एवढ्या जोरानं निघाली की मागे राहिलेलं सगळं, धक्का, टॅक्सी, छप्पर, कुणीतरी कागदासारखं फाडून टाकल्यासारखं झालं. आणि बोट वळायला लागली. डावीकडे. त्यानं आणखी घट्ट धरलं, ती आणखी वळली. दगडांची रांग लांब गेली, उघडं पाणी अंगावर आलं, बोट एका मोठ्या, सुरेख गोलात शिरली. "डॉक्टर!" मिस्त्री इंजिनांच्या वर ओरडला. "कुणाशी भांडताय?" त्यानं हाताकडे बघितलं. डावा कोपर बाजूच्या कडेला रुतवलेला, खांदा वर, चाक डावीकडे दाबून धरलेलं, पूर्ण ताकदीनं, ज्या ओढीविरुद्ध धरलं होतं ती ओढच तिथे नव्हती. एखादं दार अडकलंय म्हणून लोक खांद्यानं ढकलतात, आणि ते उघडंच असतं, तसं. लाज वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. इतकी वर्षं आपण सरळ गेलो असं वाटत होतं, ते कशाला तरी टेकून.

"सोड," दादा म्हणाला.

त्यानं सोडलं. वेग थोडा कमी केला आणि दोन्ही हात चाकावरून उचलले. गोल पुरा करून बोट सरळ झाली, दगडांची रांग पुन्हा उजवीकडे, आणि सरळ जात राहिली, कुणाच्याही हाताशिवाय, एक पंखा उजवीकडे, एक डावीकडे, दोघांचं एकमेकांत जिरलेलं. मिस्त्रीनं छाती फुगवली. "बघा. झोपा काढा आता. एकदम सुतात." दादा बराच वेळ त्या मोकळ्या चाकाकडे बघत होता. मग म्हणाला, "उठ." आवाज रागाचा नव्हता, विनवणीचाही नव्हता, आसन माझं आहे, तू चुकून बसलास, अशा नेहमीच्या आवाजात. त्याला वहिनी आठवली, चौकट घातलेली, आरशात बघणारी. रागावले, बोलले, रडले तरी. यातलं दादानं काहीच केलं नव्हतं. नाही म्हणायला काही आधार हवा, समोरून काहीतरी ओढायला हवं. तो उठला.

दादा बसला. उजवा हात चाकाच्या उजव्या कडेवर आला आणि तिथे असा बसला, जणू मधे काही झालंच नव्हतं. डावा मांडीवर, उताणा. तो दादाच्या डाव्या बाजूला उभा राहिला, कारण जागा तिथेच होती. थोडा वेळ सरळ. मग दगडांची रांग किंचित जवळ आली. मग आणखी. दादा त्या दगडांकडेच बघत होता, त्याचं सगळं जग त्याच बाजूला होतं, आणि माणूस जिकडे बघतो तिकडे जातो. बोट उजवीकडे झुकत चालली, हळूहळू, हट्टी पोरासारखी. त्यानं ते ओळखलं. ती ओढ त्याच्या ओळखीची होती. इंजिनांबरोबर भंगारात गेली असं मिस्त्रीला वाटत होतं, आणि ती इथे, या खुर्चीत येऊन बसली होती. मिस्त्री दगडांकडे बघत उठून उभा राहिला, त्याला पोहता येत नव्हतं. वेगाचे दांडे बारक्याच्या हाताशीच होते. ओढले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं, आणि कायमचं. त्याचा हात निघाला, आणि दांड्यांकडे गेला नाही, चाकाच्या डाव्या कडेवर गेला. दादाच्या नाकासमोर, उजेडात, लख्ख. दादाला तो दिसला नाही. कोपर कडेला रुतला, खांदा आपोआप वर आला, आणि त्यानं धरलं, डावीकडे, जितकं हाताला कळलं तितकं.

बोट सरळ झाली.

संध्याकाळी वहिनी विचारेल, चाक दिलं का. दिलं, नाही दिलं. हे बरं, की हे? दोन्ही सारखंच दिसत होतं.

"ओढतेय!" दादा ओरडला. त्याचा अर्धा चेहरा हसला. "मिस्त्री, इतके महिने काय केलंत काय? ओढतेय अजून!"

मिस्त्रीनं चाकाकडे बघितलं. चाकावरच्या दोन हातांकडे बघितलं, एक एकाचा, एक दुसऱ्याचा. त्याचं तोंड उघडलं. पंखे, जोर, सूत, सगळं जिभेवर आलेलं दिसत होतं. मग तो खाली बसला आणि नव्या शर्टाची बाही उगाच झटकत म्हणाला, "थोडी ओढणारच, दादा. नवीन आहेत इंजिनं."

"नवी घाला नाहीतर जुनी. तिच्या हाडातच आहे ते," दादा म्हणाला. "बारक्या, ध्यानात ठेव, सरळ जायचं असेल तर..."

"हो," तो म्हणाला. हाताला रग लागली होती. समोरून पाणी सरळ येत होतं.